सोबत्याचे ध्येय, सोबत्याचे शब्द : संशोधन-कौशल्ये कमावताना एकमेकांना मदत कशी करावी

पीएच.डी.ची नोंदणी होऊन पाच-सहा महिने झालेल्या कोणत्याही मित्राला ‘सध्या काय चालले आहे’ असे विचारले, तर ‘वाचन चालू आहे’ हे उत्तर जवळजवळ ठरलेले असते. हे उत्तर खोटे नसते. तो खरोखरच वाचत असतो, रात्री जागत असतो, फाइली उतरवून घेत असतो. मात्र या वाचनातून आपल्याला नेमके काय जमू लागले हे त्याला सांगता येत नाही, आणि विचारणाऱ्यालाही पुढचा प्रश्न सुचत नाही. तो पुढचा प्रश्न कसा विचारावा, त्याच्या उत्तरातून सोबत्याने स्वतःसाठी एक नेमके ध्येय कसे ठरवावे आणि ते तडीस जाईपर्यंत आपण त्याच्याबरोबर कसे राहावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

सोलापुरात या मदतीची गरज मला विशेष वाटते. २००४ साली केवळ सोलापूर जिल्ह्यासाठी स्थापन झालेले आणि आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करणारे आपले विद्यापीठ केगावला आहे. पण तेथे नोंदणी केलेले कितीतरी संशोधक बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट अशा ठिकाणी नोकरी करतात, तासिका तत्त्वावर शिकवतात किंवा घरची शेती सांभाळतात, आणि मार्गदर्शकांची सवडीने भेट होण्यात महिना-दीड महिना सहज निघून जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.साठी किमान तीन आणि कमाल सहा वर्षे असतात, आणि दर सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडावी लागते. समिती झालेले काम पाहते आणि सूचना करते. ते काम करण्याची हातोटी मधल्या महिन्यांत कोठून यावी, हा प्रश्न शिल्लक राहतो. त्या मधल्या महिन्यांत सर्वांत जवळ असतो तो बरोबरीचा विद्यार्थी. आम्ही वेगवेगळ्या विषयांचे पाच जण गेली दोन वर्षे दर शनिवारी दुपारी एकत्र बसतो. पुढे जे लिहिले आहे ते त्या बैठकांत घासूनपुसून तयार झालेले आहे.

काम वेगळे, कौशल्य वेगळे

सोबती जे पहिले ध्येय सांगतो ते बहुधा कामाचे असते. ‘दिवाळीपर्यंत दुसरे प्रकरण पूर्ण करायचे आहे’, ‘या महिन्यात तीस लेख वाचायचे आहेत’, ‘मार्चच्या आत शंभर प्रश्नावल्या भरून घ्यायच्या आहेत’. ही ध्येये चुकीची नाहीत, पण ती गाठली म्हणजे कौशल्य आले असे होत नाही. तीस लेख वाचून झाल्यावरही त्यांतील दोन लेखांत मतभेद नेमका कोठे आहे हे सांगता येत नसेल, तर एकतिसावा लेखही तसाच वाचला जाईल.

या बाबतीत मानसशास्त्रातील संशोधन उपयोगी पडते. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांवरून दाखवून दिले की, ‘जमेल तेवढे करा’ असे सांगण्यापेक्षा नेमके आणि थोडे अवघड ध्येय समोर असले की माणसे अधिक चांगले काम करतात. पण लॅथम आणि जेरार्ड साइट्स यांच्या पुढच्या अभ्यासांत एक महत्त्वाची पुरवणी जोडली गेली. काम नवे आणि गुंतागुंतीचे असेल, ते करण्याची रीतच अजून हाती आली नसेल, तर आकड्याचे ध्येय उलट आड येते, आणि ‘हे काम करण्याच्या अमुक इतक्या रीती शोधून काढीन’ अशा शिकण्याच्या ध्येयाचा अधिक उपयोग होतो. कारण समजायला सोपे आहे. आकडा डोळ्यांसमोर असला की माणूस आकडा भरतो, आणि रीत शोधायला लागणारा वेळ त्याला वाया गेल्यासारखा वाटतो. आपल्यापैकी बहुतेकांसाठी संशोधनातील प्रत्येक पायरी पहिल्यांदाच येत असते, म्हणून हा इशारा आपल्यालाच उद्देशून आहे असे मी मानतो.

तेव्हा सोबत्याने कामाचे ध्येय सांगितले की ते खोडून काढू नये. ते कागदाच्या डाव्या बाजूला लिहावे आणि विचारावे, ‘हे करताना तू कोठे अडतोस?’ जे उत्तर येईल ते उजव्या बाजूला लिहावे. ‘लेख वाचून होतो, पण माझ्या शब्दांत मांडता येत नाही.’ ‘प्रश्नावली भरून घेतो, पण लोक सगळ्याच प्रश्नांना हो म्हणतात.’ ध्येय ठरते ते या उजव्या बाजूच्या ओळींतून.

पहिल्या बैठकीला कामाचा तुकडा हवा

आमच्या गटाचा एकच पक्का नियम आहे: ध्येयाविषयी बोलायला येणाऱ्याने स्वतःच्या कामाचा एक तुकडा बरोबर आणायचा. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण, मार्गदर्शकांनी लाल खुणा केलेली दोन पाने, शोधशब्दांची यादी, फसलेला तक्ता, काहीही चालेल. तुकडा समोर नसला की बोलणे आत्मविश्वास, वेळेचे नियोजन आणि घरच्या अडचणी यांच्यावर जाते. त्या अडचणी खऱ्या असतात, पण त्यांतून कौशल्याचे ध्येय निघत नाही.

एक बैठक मला अजून तपशिलाने आठवते. आमची एक मैत्रीण सोलापूर शहराच्या पूर्वभागातील स्त्री विडी कामगारांच्या दिवसभराच्या वेळेचा अभ्यास करते आहे. तिच्या घरी तेलुगू बोलतात, त्यामुळे मुलाखती ती तेलुगूत घेते आणि टिपणे मराठीत करते. ‘माझ्या मुलाखती सुधारायच्या आहेत’ एवढेच ती म्हणाली. आम्ही तिला एक मुलाखत लावायला सांगितली. सव्वीस मिनिटांचे ते ध्वनिमुद्रण मोबाइलवर सुरू झाले, आणि तिने स्वतःच एका कोऱ्या पानावर तीन रकाने आखले: मी काय विचारले, समोरून किती वेळ उत्तर आले, आणि उत्तर थांबल्यावर मी काय केले. आम्हा बाकीच्यांना तेलुगू जेमतेम कळत होते, त्यामुळे आम्ही फक्त आवाज ऐकत होतो आणि ती रकाने भरत होती. ध्वनिमुद्रण संपल्यावर तिने मोजले. तिने चोवीस प्रश्न विचारले होते आणि त्यांपैकी एकोणीस प्रश्नांना ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर पुरणारे होते. समोरची बाई क्षणभर थांबली की आमची मैत्रीण लगेच पुढचा प्रश्न टाकत होती.

मग तिने मराठी टिपण काढले, आणि त्यात दुसरी गोष्ट दिसली. बाईने एके ठिकाणी ‘छाट’ हा शब्द वापरला होता. छाट म्हणजे तपासणीत नापास ठरवून बाजूला काढलेल्या विड्या. त्यांची मजुरी मिळत नाही, पण त्या वळायला गेलेला वेळ मात्र गेलेलाच असतो. टिपणात त्या जागी ‘काही माल परत येतो’ असे सपक वाक्य होते. वेळेचा अभ्यास करणाऱ्या संशोधिकेच्या हातून वेळेविषयीचा सर्वांत मोलाचा शब्द निसटला होता, कारण ऐकता ऐकताच ती मनात भाषांतर करत होती. हे तिला कोणी दाखवून दिले नाही. तिने ध्वनिमुद्रण मागे नेले, तो शब्द पुन्हा ऐकला, टिपणाकडे पाहिले आणि बराच वेळ गप्प बसली.

त्या दिवशी तिने लिहिलेले ध्येय असे होते: ‘पुढच्या तीन मुलाखतींत पहिला प्रश्न, काल सकाळी उठल्यापासून तुमचा दिवस कसा गेला ते सांगा, हाच ठेवीन. उत्तर थांबले की मनात पाच आकडे मोजून मगच बोलेन. त्याच रात्री मुलाखतीतील कोणतीही दहा मिनिटे मूळ तेलुगू शब्द तसेच ठेवून उतरवून काढीन. तिन्ही मुलाखतींचे रकाने भरून शनिवारी दाखवीन.’ यातील पाच आकडे मोजण्याची कल्पना आमच्यापैकी एकाची होती, बाकी सगळे तिचे. तिसऱ्या मुलाखतीत प्रश्न अकरावर आले आणि त्यांत हो-नाहीचे चारच उरले.

एवढ्या तपशिलाने हे सांगितले, कारण मदत करणाऱ्याचे काम यात स्पष्ट दिसते. आम्ही फार थोडे बोललो. तुकडा मागितला, मोजायला वेळ दिला, आणि ‘यातले पहिले काय बदलावेसे वाटते’ असे विचारले. ‘तुझे प्रश्न बंद स्वरूपाचे आहेत’ असे पहिल्याच मिनिटाला सांगता आले असते आणि ते बरोबरही ठरले असते. पण मग ते आमचे निदान झाले असते, आणि दुसऱ्याच्या निदानावरून ठरवलेले ध्येय पहिल्या अडचणीला मागे पडते.

शब्दांकन

चांगले ध्येय नेमके, मोजता येणारे, मुदतीचे वगैरे असावे हे इंग्रजी आद्याक्षरांतून सांगणारा ‘स्मार्ट’ नमुना आपल्याकडे कार्यशाळांतून सर्वांना माहीत झालेला आहे. जॉर्ज डोरन यांनी तो १९८१ मध्ये व्यवस्थापनाच्या एका नियतकालिकात मांडला, आणि तो व्यवस्थापकांसाठी होता. त्यातील नेमकेपणा आणि मुदत घ्यावी. पण कौशल्याच्या ध्येयाला आणखी एक कसोटी लागते, आणि ती म्हणजे ध्येय साध्य झाले हे दुसऱ्या माणसाला पाहता येईल असे काहीतरी हाती उरले पाहिजे. ‘सांख्यिकी समजून घेईन’ याचा पुरावा कोणालाच देता येत नाही. ‘माझ्याच वीस प्रश्नावल्यांतील उत्पन्नाची सरासरी आणि मध्यक वहीत हाताने काढीन, दोघांत फरक का पडला ते चार वाक्यांत लिहीन आणि मगच तेच काम एक्सेलवर करीन’ याचा पुरावा वहीच्या दोन पानांत असतो.

दुसरी गोष्ट वेळेच्या खुंटीची. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ अशा वाक्यांचा अभ्यास केला आहे, आणि २००६ मध्ये त्यांनी पास्कल शीरन यांच्याबरोबर ९४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नुसत्या इराद्यापेक्षा अशा जोडवाक्याने ध्येय गाठण्याचे प्रमाण ठळकपणे वाढते असे दिसले. म्हणून सोबत्याला ‘केव्हा करणार’ असे विचारण्याऐवजी ‘कशाच्या नंतर करणार’ असे विचारावे. ‘रोज एक तास वाचीन’ हे वाक्य बसच्या गर्दीत विरून जाते. ‘मंगळवारी आणि गुरुवारी शेवटचा तास संपला की स्टाफरूममध्ये न जाता थेट ग्रंथालयात बसेन आणि पाच वाजता उठेन’ हे वाक्य टिकते, कारण तास संपल्याची घंटाच त्याची आठवण करून देते.

ध्येय सोबत्याने स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या भाषेत लिहावे. आपण टंकून देऊ नये, आणि त्याचे मराठी सुधारूही नये.

शोध घेणे आणि वाचणे

सगळ्या कौशल्यांविषयी येथे लिहिणे शक्य नाही. या दोन ठिकाणी मात्र आपल्याकडील संशोधक सर्वांत जास्त अडतात आणि थोड्या मदतीने पटकन पुढे जातात, असा माझा अनुभव आहे.

‘या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही’ हे वाक्य आराखड्यात लिहिण्याची घाई सगळ्यांनाच असते. आमच्या गटातील इतिहासाच्या मित्राने १९३० च्या सोलापुरातील मार्शल लॉविषयी, म्हणजे लष्करी अंमलाविषयी, असेच लिहिले होते. ज्या घटनाक्रमाच्या अखेरीस १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी देण्यात आली, आणि ज्यांचे पुतळे आपण चार हुतात्मा चौकातून जाताना पाहतो, त्यावर लेखन सापडू नये याचे आम्हाला आश्चर्य वाटले. त्याने शोध कसा घेतला ते आम्ही त्याला दाखवायला सांगितले. त्याने गावाचे नाव इंग्रजीत आजच्या पद्धतीने लिहून शोध घेतला होता. इंग्रजांच्या काळात ते एस या अक्षरानंतर एच घालून लिहीत; १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरचा विसावा खंडही त्याच नावाचा आहे. एक अक्षर वाढवताच समोरची यादी पालटली.

यातून त्याने जे ध्येय लिहिले ते कोणत्याही विषयाला लागू पडेल. एका संशोधन-प्रश्नासाठी किमान आठ शोधशब्द तयार करायचे, आणि त्यांत जुने व नवे स्पेलिंग, मराठी व इंग्रजी प्रतिशब्द आणि व्यापक व नेमका शब्द अशा जोड्या असल्या पाहिजेत. प्रत्येक शोधाची तारीख, शोध घेतल्याचे ठिकाण, मिळालेल्या निकालांची संख्या आणि त्यांतून राखून ठेवलेले लेख यांची वहीत नोंद ठेवायची. ‘संशोधन झालेले नाही’ हे वाक्य या वहीची निदान चार पाने भरल्याशिवाय लिहायचे नाही. यंत्रमागावर काम करणाऱ्याने हातमाग, वस्त्रोद्योग, चादर, टेरी टॉवेल हे शब्द वेगवेगळे घालून पाहावेत. विडीवर काम करणाऱ्याने तिचे इंग्रजीतील दोन्ही रूढ स्पेलिंग पाहावेत. भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांसाठी शोधगंगा हे संकेतस्थळ आहेच. ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ या योजनेखाली जानेवारी २०२५ पासून शासकीय उच्च शिक्षण संस्थांना तेरा हजारांवर नियतकालिके खुली झाली आहेत; आपल्या संस्थेचा तीत समावेश आहे का आणि घरून प्रवेश कसा घ्यायचा, हे ग्रंथपालांना विचारणे हेही एक छोटे ध्येय होऊ शकते. ग्रंथपालांशी बोलायला आपले विद्यार्थी का संकोचतात हे मला आजवर कळलेले नाही; संशोधनात सर्वांत कमी विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त माहिती असणारा माणूस तोच असतो. शहरातील हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या संग्रहांकडे तर इतिहास आणि मराठीच्या संशोधकांनी पहिल्या महिन्यातच जावे.

वाचनाचे उदाहरण वनस्पतिशास्त्राच्या मैत्रिणीचे देतो. तिचा विषय डाळिंबावरील तेल्या हा जिवाणूजन्य रोग. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरातच असल्यामुळे तिला साहित्याची वानवा नव्हती. अडचण होती ती इंग्रजी लेख वाचताना लेखकाचेच वाक्य खरे मानून पुढे जाण्याची. तिने ठरवले की दर आठवड्याला एकच लेख घ्यायचा, त्याचा निष्कर्षाचा भाग कोऱ्या कागदाने झाकायचा, फक्त तक्ते आणि आलेख पाहून यातून काय सिद्ध होते ते दोन मराठी वाक्यांत लिहायचे, आणि नंतर कागद काढून लेखकाचा निष्कर्ष ताडून पाहायचा. पहिल्या दोन आठवड्यांत तिची वाक्ये आणि लेखकाची वाक्ये यांचा मेळ बसेना, आणि ती निराश झाली. तिसऱ्या आठवड्यात तिने एका लेखातील असा निष्कर्ष दाखवला की ज्याला तक्त्यात पुरेसा आधार नव्हता. तो लेख घेऊन ती मार्गदर्शकांकडे गेली, आणि त्यांनी तिच्याबरोबर पाऊण तास त्यावर चर्चा केली.

संदर्भ नोंदवण्याविषयी लांबण लावण्याचे कारण नाही. झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर पहिल्याच महिन्यात एकमेकांना बसवून द्यावे आणि दहा संदर्भ समोर बसून भरून घ्यावेत. त्यासाठी वेगळ्या बैठकीची गरज नाही.

वयाने मोठा सहाध्यायी

आपल्याकडे बरोबरीचा विद्यार्थी वयाने बरोबरीचा असतोच असे नाही. आमच्या गटात तालुक्याच्या महाविद्यालयात वीस वर्षे शिकवलेले एक सर आहेत. आम्ही त्यांना ‘सर’ म्हणतो, ‘तुम्ही’ म्हणतो आणि ते आम्हाला ‘तू’ म्हणतात. ते तसेच असावे. अडचण अशी येते की सरांना ‘तुमचे कोठे अडते’ असे विचारायला जीभ रेटत नाही, आणि ‘मला एक्सेल येत नाही’ हे आमच्यासमोर म्हणणे त्यांनाही जड जाते. पहिले तीन महिने ते आम्हालाच सल्ले देत राहिले, आणि त्यांचे स्वतःचे काम जागचे हलले नाही.

उपाय देवाणघेवाणीतून निघाला. आम्ही त्यांना म्हणालो, ‘सर, आमचे प्रकरण-लेखन विस्कळीत होते. परिच्छेद कसा बांधायचा हे आम्हाला दर शनिवारी अर्धा तास दाखवाल का?’ त्यांनी आनंदाने होकार दिला. दुसऱ्या शनिवारी स्वतःच लॅपटॉप उघडून ते म्हणाले, ‘आता हा तक्ता मला तुम्ही शिकवा.’ ज्याच्याकडून आपण काही शिकतो त्याला आपल्यासमोर न येणारी गोष्ट कबूल करणे सोपे जाते, म्हणून वयात किंवा हुद्द्यात अंतर असेल तेथे मदत मागण्याची सुरुवात आपल्याकडून व्हावी. प्रश्नाची भाषाही थोडी बदलावी: ‘तुमचे काय चुकते’ असे न विचारता ‘यातील कोणत्या भागाला सर्वांत जास्त वेळ लागतो’ असे विचारले की तेच उत्तर मिळते आणि मान राखला जातो.

आढावा आणि चुकलेले आठवडे

आठवड्याचा आढावा माणशी पंधरा मिनिटांत संपवावा. आधी तुकडा दाखवायचा, मग ‘काय जमले, कशामुळे जमले’ आणि ‘काय राहिले, ते आहे तसे ठेवायचे की लहान करायचे’ एवढेच विचारायचे. जमले कशामुळे हा प्रश्न वगळू नये. यश योगायोगाने आले की रीतीने, हे त्यातून कळते, आणि रीत असेल तर ती इतरांच्याही वहीत जाते.

याआधी मी दुसऱ्या एका गटात होतो. तेथे दर आठवड्याला सर्वांची ध्येये मोठ्याने वाचली जात आणि ज्याचे राहिले त्याला कारण द्यावे लागे. हेतू चांगला होता. एका मैत्रिणीच्या सासूबाई आजारी होत्या. सलग तीन आठवडे तिने तेच कारण सांगितले, चौथ्या आठवड्यात ती आली नाही आणि पुढे कधीच आली नाही. मी तेथे होतो आणि काही बोललो नाही, याची मला आजही खंत आहे. तेव्हापासून माझ्यापुरता एक दंडक मी पाळतो: राहिलेल्या ध्येयाचे कारण विचारायचे नाही, त्याचा आकार विचारायचा. तीन मुलाखती जमत नसतील तर या आठवड्यात एकाच मुलाखतीची दहा मिनिटे ऐकता येतील का? तेही नसेल तर नुसते शनिवारी येऊन बसावे, दुसऱ्याचा तुकडा पाहावा. एवढ्याने धागा तुटत नाही.

शिवाय सोलापूरचे वर्ष डोळ्यांसमोर ठेवून मुदती ठरवाव्यात. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा आणि गड्ड्याची जत्रा असताना शहरात घरोघरी प्रश्नावल्या भरून घेण्याचे ध्येय ठेवू नये. आषाढीच्या आठवड्यात पंढरपूरच्या सोबत्याकडून काही अपेक्षित करू नये. ज्याचा विषयच वारी आहे त्याचा मात्र तोच सुगीचा काळ. रब्बीची ज्वारी काढणीला आली की मंगळवेढ्याकडचा शेतकरी मुलाखतीला बसणार नाही. परीक्षांची कामे आणि निवडणुकीची कामे शिक्षक-संशोधकांना टळत नाहीत. सत्राच्या सुरुवातीला कॅलेंडर मध्ये ठेवून हे आठवडे आधीच खोडून टाकावेत. मग उरलेल्या आठवड्यांवर टाकलेला भार खरा असतो.

कोठे थांबावे

सोबत्याचा मजकूर आपण लिहून देऊ नये, एक परिच्छेदही नाही. अडलेल्या माणसाला असे लिहून देणे ही माया वाटते, पण त्यामुळे ज्यासाठी बसलो होतो ते कौशल्यच त्याच्या हातून जाते, आणि पुढे साहित्यचौर्याच्या तपासणीत दोघेही अडचणीत येऊ शकतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे साम्य जसे वाढते तशी कारवाई कडक होते, आणि साठ टक्क्यांवर नोंदणीच रद्द होते. हे आकडे पहिल्या बैठकीतच सर्वांना सांगावेत.

मुलाखतीचे ध्वनिमुद्रण गटात ऐकवायचे असेल, तर बोलणाऱ्या व्यक्तीची तशी परवानगी आधी घेतलेली असावी, आणि नाव, गल्ली, कारखाना हे भाग वगळावेत. आमच्या मैत्रिणीने तिच्या संमतीपत्रात ‘अभ्यासगटात ऐकवले जाईल’ ही ओळ पहिल्यापासून ठेवली होती, म्हणूनच आम्हाला ती बैठक घेता आली. मार्गदर्शकांचा सल्ला आणि गटाचे मत यांत अंतर पडले, तर सोबत्याने ते प्रश्न म्हणून मार्गदर्शकांपुढे न्यावे; ‘आमचा गट असे म्हणतो’ म्हणून नव्हे. आणि सोबत्याची झोप उडाली असेल, तो कशातच रमत नसेल, तर ध्येयाची वही मिटून ठेवावी, त्याच्या घरच्यांशी त्याचे बोलणे होत आहे ना ते पाहावे आणि टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्याला द्यावा. तेथे मराठीतून बोलता येते.

ध्येय पुरे झाले हे कोणी ठरवावे, असा प्रश्न आमच्यात बराच काळ होता. आता आम्ही असे करतो की ज्याला कौशल्य आले असे वाटते, त्याने त्याच कौशल्याच्या आढाव्याला दुसऱ्याच्या शेजारी बसायचे. गेल्या महिन्यात एम.ए.च्या प्रकल्पासाठी यंत्रमाग कामगारांच्या मुलाखती घेणारा एक मुलगा आमच्याकडे आला. विडी कामगारांचा अभ्यास करणारी मैत्रीण त्याच्या शेजारी बसली. त्याने मोबाइल काढला तेव्हा तिने एक कोरे पान त्याच्यापुढे सरकवले, पेन दिले आणि विचारले, ‘लावण्याआधी सांग, यात तुला काय ऐकायचे आहे?’ तो थोडा वेळ विचार करत राहिला. तिने मनात आकडे मोजले असावेत, कारण ती काहीच बोलली नाही. मग त्याने रकाने आखायला घेतले. त्याचे दोनच होते.